सरकारी धोरणावर बाहेरून प्रभाव कसा टाकला जातो: टिपणीपासून राजपत्रापर्यंत

विधेयक सभागृहात मांडलं गेलं की वर्तमानपत्रांत बातमी येते, वाहिन्यांवर चर्चा झडतात आणि मग संघटना जाग्या होतात. निवेदनं निघतात, मोर्चे निघतात. पण तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. खात्याने टिपणी लिहिलेली असते, वित्त आणि विधी खात्यांचे शेरे पडलेले असतात, मंत्रिमंडळाची मान्यता मिळालेली असते. बहुमतातलं सरकार भर सभागृहात स्वतःच्या मसुद्यातल्या चुका कबूल करील ही अपेक्षा भाबडी आहे. उद्योगसंघ, व्यावसायिकांच्या परिषदा, बड्या कंपन्यांचे प्रतिनिधी यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते मसुद्याचा कागद कोरा असतानाच खात्यात जाऊन बसतात.

यात मुळात बेकायदा काही नाही. अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क दिला. तिथे लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्यासाठी केलेली खटपट, हा नोंदणी करून चालणारा व्यवसाय आहे, १९९५ च्या कायद्याप्रमाणे त्याचा खर्च जाहीर करावा लागतो, आणि संघराज्य पातळीवर हा जाहीर खर्च अलीकडे वर्षाला ४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. युरोपीय संघाकडे अशा गटांची सार्वजनिक नोंदवही आहे. भारतात लॉबिंगसाठी वेगळा कायदाच नाही. सगळं भाषण आणि संघटना स्वातंत्र्याच्या छत्राखाली चालतं, त्यामुळे कोण कुणाला कधी भेटलं याचा पत्ताही सहसा लागत नाही.

हा लेख मात्र ज्यांच्याकडे पैसा नाही अशा गटांसाठी आहे: रुग्णांच्या संघटना, कामगार, पालक, पर्यावरणवाले, छोटे व्यावसायिक. ताकदवान गट जे करतात त्यातलं बरंचसं फुकटात करता येतं. फक्त ते वेळेत आणि नेमकं करावं लागतं.

आधी ठरवा: कुणाच्या सहीने काम होणार?

"सरकारने लक्ष घालावं" ही मागणी नव्हे. मागणी एका वाक्यात बसली पाहिजे आणि त्या वाक्यात कोणता कागद बदलायचा आहे हे आलं पाहिजे. कागद अनेक प्रकारचे असतात. कायदा विधिमंडळ बदलतं. कायद्याखालचे नियम खातं करतं. परिपत्रक एखाद्या सचिवाच्या सहीने निघतं. अर्थसंकल्पातली तरतूद वित्त खात्याच्या हातात असते. आणि अनेकदा कायदा, नियम, पैसा सगळं असतं, फक्त अंमलबजावणी होत नसते. तेव्हा नव्या कायद्यासाठी घसा कोरडा करणं म्हणजे वर्षं वाया घालवणं.

नियम असा ठेवा: सर्वांत खालच्या पातळीवर काम होत असेल तर वर जाऊ नका. परिपत्रकाने भागत असेल तर कायदा मागू नका, कारण कायदा उघडला की दुरुस्त्या मागायला तुम्ही एकटे नसता. तुमचे विरोधकही त्याच दारातून आत येतात. उलट, परिपत्रक पुढच्या अधिकाऱ्याच्या एका सहीने रद्द होतं, हेही धरून चाला. ज्या गोष्टीवर माणसांचं पोट किंवा जीव अवलंबून आहे, ती कायद्यातच लिहून घ्यावी लागते.

फाईल कुणाच्या टेबलावर सुरू होते ते शोधा

मंत्र्याची भेट मिळाली, फोटो निघाला, निवेदन दिलं. पुढे काय होतं? मंत्री त्यावर "तपासून सादर करावे" असा शेरा मारतात आणि कागद खाली जातो. तो खाली जिथे थांबतो, त्या कक्ष अधिकाऱ्याला किंवा अवर सचिवाला विषयाची पहिली टिपणी लिहायची असते. त्याच्याकडे असे ढीगभर विषय असतात, संशोधनाला माणूस नसतो, वेळ नसतो. मागच्या फाईलमध्ये काय होतं ते पाहून तो लिहितो. त्याला नेमकी, पडताळता येईल अशी माहिती आयती आणून देणारा माणूस नकोसा नसतो. बड्या गटांचं खरं बळ बऱ्याच वेळा इथे असतं. पैशाच्या आधी माहिती पोचते.

त्यामुळे भेटीचा क्रम उलटा लावा: आधी टिपणी लिहिणारा, मग उपसचिव, मग सचिव, आणि मंत्री शेवटी. भेटीला दोघांनीच जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. जाताना जास्तीत जास्त दोन पानांची नोंद न्या. तिच्यात समस्या काय, सध्याचं कोणतं कलम आड येतं, तुमचा प्रस्ताव, खर्च किती आणि कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून), विरोध कोण करील आणि त्याला उत्तर काय, एवढं असावं. विरोधकांचा मुद्दा स्वतः लिहायला लोक कचरतात. पण अधिकाऱ्याला तो प्रश्न वरून विचारला जाणारच असतो. उत्तर तुमच्या कागदात सापडलं तर पुढच्या वेळी तो तुम्हालाच फोन करतो.

आणि एकही आकडा फुगवू नका. एक खोटा आकडा सापडला की तुमचे उरलेले खरे आकडेही कुणी वाचत नाही.

पुरावा त्यांच्या काळजीला उत्तर देणारा हवा

आपल्याला जे भयंकर वाटतं ते समोरच्यालाही तितकंच भयंकर वाटेल असं नाही. या बाबतीत ब्रिटनमधली गुलामांच्या व्यापाराविरुद्धची मोहीम अजूनही अभ्यासावी अशी आहे. १७८७ साली लंडनमध्ये मूठभर लोकांनी, बहुतेक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, समिती काढली. तिचा टॉमस क्लार्कसन बंदरोबंदरी फिरून पुरावे गोळा करत होता. बेड्या, साखळ्या त्याने आणल्याच. पण संसदेतल्या अनेकांचा आक्षेप वेगळाच होता. हा व्यापार नौदलासाठी खलाशी तयार करतो, तो बंद केला तर देश दुबळा होईल, असं ते म्हणत. क्लार्कसनने जहाजांच्या हजेरीपटांवरून दाखवलं की या व्यापारात इंग्रज खलाशीच मोठ्या संख्येने मरतात. त्याच सुमारास गुलाम वाहून नेणाऱ्या ब्रूक्स जहाजाचा आराखडा छापला गेला. तळाशी माणसं कशी खेटून रचलेली असत, हे त्या चित्रात एका नजरेत कळत होतं. हजेरीपट संसदेतल्या हिशेबी माणसासाठी, चित्र बाहेरच्या जनतेसाठी. दोन्ही लागतात आणि दोन्हींची अदलाबदल चालत नाही.

तरी सरळ बंदीचं विधेयक वर्षानुवर्षं हरत राहिलं. मग सागरी कायद्याचे जाणकार जेम्स स्टीफन यांनी वेगळी वाट काढली. ब्रिटन फ्रान्सशी लढत होता. १८०६ च्या विधेयकात म्हटलं गेलं की ब्रिटिश जहाजांनी परकीय आणि शत्रूच्या वसाहतींना गुलाम पुरवू नयेत. चर्चा दयाबुद्धीची झालीच नाही, शत्रूला मदत का करायची याची झाली. विधेयक फारसा गाजावाजा न होता संमत झालं, व्यापाराचा मोठा भाग कापला गेला आणि १८०७ मध्ये संपूर्ण बंदीचा कायदा आला. हेतू तोच ठेवून कारण दुसरं पुढे करणं काहींना लबाडी वाटेल. मला वाटत नाही, जोवर सांगितलेलं कारणही खरं आहे.

मसुदा स्वतः लिहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक नागरी गट भावना आणि तत्त्वं घेऊन जातात, तर उद्योगांचे वकील कलम टाईप करून नेतात. टेबलावर एकच तयार मजकूर असेल तर चर्चा त्याच मजकुराभोवती फिरते.

समजा तुम्हाला पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष लोकांसमोर यायला हवे आहेत. खात्याच्या मसुद्यात असं वाक्य येईल:

"पाणीपुरवठा यंत्रणा तपासणीचे निष्कर्ष योग्य वेळी व योग्य रीतीने प्रसिद्ध करू शकेल."

वाचायला छान. पण "करू शकेल" म्हणजे नाही केलं तरी चालेल. योग्य वेळ कोणती, रीत कोणती, हे ठरवणारी तीच यंत्रणा. आता हे पाहा:

"पाणीपुरवठा यंत्रणा प्रत्येक तपासणीचे निष्कर्ष, तपासणी पूर्ण झाल्यापासून ७ दिवसांच्या आत, संकेतस्थळावर आणि संबंधित कार्यालयाच्या दर्शनी भागी प्रसिद्ध करील. तसे न केल्यास जबाबदार अधिकारी प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी विहित दंडास पात्र राहील."

कोण, काय, किती दिवसांत, कुठे आणि न केल्यास काय. या पाचांतलं शेवटचं सहसा गळतं. भारतातल्या माहितीच्या कायद्याचंच बघा. २००२ साली संसदेने माहिती स्वातंत्र्य कायदा संमत केला. त्यात माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड नव्हता, आणि अंमल कधी सुरू होणार ती तारीख सरकारने अधिसूचना काढून ठरवायची होती. ती अधिसूचना कधी निघालीच नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात दोन्ही भोकं बुजवली गेली. माहितीला उशीर झाला तर अधिकाऱ्याच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. आणि अंमलाची तारीख सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्यातच लिहिली: अधिनियमित झाल्यापासून १२० वा दिवस. १५ जूनला राष्ट्रपतींची संमती मिळाली, १२ ऑक्टोबरला कायदा लागू. हे अपघाताने झालं नाही. १९९६ पासून कार्यकर्ते, पत्रकार आणि निवृत्त न्यायाधीश मसुद्यांवर काम करत होते. भारतीय वृत्तपत्र परिषदेने न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली तयार केलेला मसुदा त्यातलाच एक.

तुमच्याकडे कायद्याची भाषा लिहिणारा माणूस नसेल तर निवृत्त विधी अधिकारी, विधी महाविद्यालयातले प्राध्यापक यांना गाठा. व्याख्यांचं कलम आधी वाचा. अर्धे खेळ तिथेच झालेले असतात.

सोबती जमवताना

एकाच विचाराच्या दहा संघटनांची यादी खात्याला एकाच संघटनेसारखी दिसते. एखादा उद्योगसंघ, एखादी डॉक्टरांची परिषद, विरोधी पक्षाचा एखादा सदस्य असे एरवी एकमेकांकडे न बघणारे लोक एका मागणीवर आले तर फाईल वेगाने हलते. त्यासाठी सगळ्या बाबतींत एकमत लागत नाही. एकाच कलमापुरता करार करा आणि तो लेखी ठेवा: कशावर एकत्र, कशावर नाही, माध्यमांशी कोण बोलणार, आणि सरकारने तडजोड देऊ केली तर किमान काय मिळाल्याशिवाय मान डोलवायची नाही. हे शेवटचं आधी ठरलं नाही तर तडजोडीच्या दिवशी आघाडी फुटते, आणि समोरचा त्याचीच वाट बघत असतो.

हरकती आणि सूचना

मसुदा प्रसिद्ध करून लोकांचं म्हणणं मागवायची पद्धत अनेक लोकशाह्यांत आहे. अमेरिकेत १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यापासून ती नियमांसाठी बंधनकारक आहे. भारतात २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलतीच्या धोरणाने केंद्रीय विधेयकांसाठी किमान ३० दिवस सुचवले आहेत. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि ते बऱ्याचदा पाळलं जात नाही. न पाळल्याची तक्रार जरूर नोंदवा, पण तिच्यात दिवस घालवू नका.

इथे संख्या महत्त्वाची की मजकूर? २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने इंटरनेट समानतेवर (सगळ्या संकेतस्थळांना आणि सेवांना समान वागणूक मिळावी या तत्त्वावर) मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्या पुराने विषय राजकीय झाला, सरकारला आणि पक्षांना भूमिका घ्यावी लागली. तिथे संख्येचं काम झालं. त्याच वर्षी डिसेंबरात ट्रायने वेगवेगळ्या डेटा दरांबद्दल चार नेमके प्रश्न विचारले. फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्स योजनेच्या (निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या) बाजूने वापरकर्त्यांकडून ठरावीक साच्याचे लाखो संदेश पाठवले. ट्रायने सरळ कळवलं की यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली. अमेरिकेत २०१७ साली याच विषयावर तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाकडे सुमारे २ कोटी २० लाख प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत त्यांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख बनावट निघाल्या.

मग करायचं असं: लोकांकडून पाठिंब्याची पत्रं हवीत, पण प्रत्येकाने आपला अनुभव आपल्या शब्दांत लिहिलेला असावा. आणि त्यांखेरीज संघटनेचं एकच भक्कम उत्तर, कलमवार: मूळ मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण, पुरावा. पोच घ्या. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर "आम्ही हे वेळेत निदर्शनाला आणलं होतं" हे सिद्ध करायला ती पोचच कामी येते.

ऑनलाइन सह्यांच्या मोहिमांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जिथे सहीला कायद्याने वजन दिलं आहे तिथली गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवल्या तर संसदेने केलेला कायदा सार्वमताला टाकावा लागतो. बाकी ठिकाणी सह्यांचा उपयोग फार तर संपर्कयादी तयार करायला.

आत आणि बाहेर, दोन्हीकडे

समित्यांसमोर साक्ष द्या, सदस्यांना प्रश्न लिहून द्या; सभागृहातलं लेखी उत्तर सरकारची अधिकृत भूमिका म्हणून पुढे वापरता येतं. यापेक्षा अवघड प्रश्न रस्त्याचा आहे. आंदोलन कधी करायचं?

आत संवाद चालू असताना बाहेरचा दबाव नसेल तर फाईल निवांत पडून राहते. आणि बाहेर नुसता गजर असेल, आत मजकूर नसेल, तर सरकार एक समिती नेमून मोकळं होतं. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दोन्ही केलं. १९९४ पासून गावोगावी जनसुनवाया झाल्या. पंचायतीच्या कामांची बिलं आणि हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवले जात आणि ज्यांच्या नावावर मजुरी लावली होती तेच लोक उठून सांगत की आम्ही तिथे कामाला नव्हतोच. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. मागणी काय होती? कागदांच्या प्रती मिळाव्यात. इतकी साधी, इतकी तपासता येण्याजोगी मागणी की तिला "नाही" म्हणणारा काहीतरी लपवतोय असं आपोआप दिसावं. धरण्याला जागा निवडताना, दिवस ठरवताना हाच निकष लावा: तुमची मागणी वाटसरूला उभ्या उभ्या समजते का?

न्यायालय हा तिसरा दरवाजा. तो खर्चिक आहे आणि उलट निकाल लागला तर पुढची अनेक वर्षं अडतात, म्हणून शेवटी. पण काही गोष्टी तिथेच होतात. निनावी देणग्यांची निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली, ती स्वयंसेवी संघटना आणि इतरांच्या याचिकांवरच.

समोरच्याचे डाव

तंबाखू उद्योगाने घालून दिलेला कित्ता आजही अनेक उद्योग गिरवतात. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सांगितलं की धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध सिद्ध झालेला नाही, आम्ही संशोधनाला पैसे देऊ. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर स्पष्टच लिहिलं होतं की शंका हाच आपला माल आहे. त्यांना वाद जिंकायचा नव्हता, लांबवायचा होता. "आणखी अभ्यास व्हावा" हे वाक्य आलं की कोण म्हणतंय आणि अभ्यासाचा खर्च कोण करतंय ते पाहा. अचानक उगवलेल्या "ग्राहक मंचा"चा पत्ता, पदाधिकारी, देणगीदार तपासा. कालपर्यंत नियामक असलेला अधिकारी आज कुणाचा सल्लागार आहे, तेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं कलम ५.३ तर सदस्य देशांना बजावतं की या उद्योगाच्या हितसंबंधांपासून धोरण सुरक्षित ठेवा.

आणि हाच दिवा स्वतःवरही पाडा. तुमच्या गटाला पैसा कुठून येतो ते आपणहून जाहीर करा. विरोधकाने ते उघड केलं तर सगळं काम मातीत जातं.

राजपत्रात आल्यावर

इथे बहुतेक गट पेढे वाटून घरी जातात. भारतातल्या फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा दीर्घ लढ्यातून आला. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले असावेत असं लिहिलं आहे. पण नियम आणि योजना करायच्या होत्या राज्यांनी, समित्या नेमायच्या होत्या शहरांनी, आणि अनेक ठिकाणी ही पुढची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली. कायद्यात "विहित केल्याप्रमाणे" जिथे जिथे लिहिलंय त्या प्रत्येक जागेची यादी करा. तेवढे नियम अजून व्हायचे आहेत आणि प्रत्येकाला वेगळी फाईल आहे. नियमांचा मसुदाही तुम्हीच न्या.

मिळालेलं हळूच काढून घेतलं जातं, त्यावरही डोळा हवा. माहिती अधिकारातून फाईलवरचे शेरे वगळायचा प्रस्ताव २००६ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केला होता. ओरड झाली आणि तो बारगळला. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन केंद्राच्या नियमांवर सोडणारी दुरुस्ती झालीच. २०२३ मध्ये तर खासगी माहितीच्या अपवादाचं कलम बदललं गेलं ते वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या निराळ्याच कायद्यातून, आणि तेही त्याच्या अगदी शेवटच्या कलमात. म्हणून गटातल्या एका माणसाकडे एवढंच काम द्या: राजपत्र आणि अधिवेशनात येणाऱ्या विधेयकांची यादी नियमित चाळणं, आणि प्रत्येक विधेयक शेवटच्या पानापासून वाचायला घेणं, कारण "इतर कायद्यांतील सुधारणा" तिथे असतात.